माळीणबाईंचं बक्षीसपत्र

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी सात वर्षं शिकवलं आणि त्यातली पाच वर्षं एकाच बाईकडून भाजी घेतली. मोर्णा नदीच्या काठी तिचा मळा होता. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती यायची आणि शाळेच्या वाटेवर एका बंद दुकानाच्या ओट्याशी बसायची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत पाटीच्या एका कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली शेवंती. साठीच्या पुढची, उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की शाळेची घंटा तिच्यापुढे नाजूक वाटावी. वांगं दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ हाकलायची. "नसन घ्यायचं तं नका घेऊ. त्याले काहून दुखवता?" मला मात्र तिनं कधी हाकललं नाही. मी मास्तरीण होते आणि वाचता येणाऱ्या बाईबद्दल तिला फार कौतुक होतं.

एका सकाळी तिनं पाटीखालून पत्र्याचं एक नळकांडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत एक जुना कागद होता, गुंडाळून गुंडाळून कडक झालेला. तो तिच्या मळ्याचा खरेदीचा दस्त होता. एकरभर जमीन, तिच्या एकटीच्या नावावर. नवरा गेल्यावर भाजी विकून विकून तिनं ती घेतली होती.

"माहं नाव हाये ना त्याच्यात?"

"आहे."

"दुसऱ्या कोनाचं नाई ना?"

"नाही. तुमचं एकटीचंच."

ती खूश झाली. मग जरा पुढे वाकून, तिच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतपत, म्हणाली, "मास्तरीणबाई, मले एक कागद करायचा हाये. पन मजबूत पाह्यजे. मी मेल्यावर कोनी फाडला नाई पाह्यजे."

कागद सुनेच्या नावानं करायचा होता. माळीणबाईंचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. सून बावीस-तेवीस वर्षांची, मूलबाळ नाही. मुलगा गेल्यावर ती माहेरी गेली नाही, सासूबरोबर मळ्यातच राहिली. विहिरीवर मोट तीच हाकायची, वाफे तीच बांधायची. मी एकदा मळ्यात गेले होते तेव्हा ती गुडघाभर चिखलात उभी होती आणि माझ्याकडे पाहून लाजून हसली होती. शेजारीच माळीणबाईंच्या दिराच्या दोन मुलांची काळीभोर शेती होती, चांगली मोठी. पण विहीर या मळ्यात होती. तिच्यावर त्या दोघांची नजर होती हे माळीणबाईंना ठाऊक होतं. आपण डोळे मिटले की सुनेला हाताला धरून बाहेर काढतील, असं त्या मला अगदी शांतपणे म्हणाल्या. ऊन पडेल, ढग येतील असं सांगावं तसं.

मला वाटलं, त्यात काय मोठंसं? स्टँपाचा कागद आणायचा, त्यावर लिहायचं, खाली अंगठा. आजही लोकांना तसंच वाटतं. कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून बसलेला नोटरी असतो, लाल शिक्का असतो, आणि माणसाकडे मान वर करून न बघताही तो शिक्का उमटू शकतो. त्या वेळी आमच्या गावात नोटरी हा शब्दच कुणाला माहीत नव्हता. सब-रजिस्ट्रार होता. त्याला सगळे रजिस्टारसाहेब म्हणायचे.

मी माळीणबाईंना घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या अर्जनवीसाचं अक्षर फार सुरेख होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मृत्युपत्र नको, बक्षीसपत्र करा, म्हणजे आजपासूनच जमीन सुनेची, असं त्यानंच सुचवलं. माळीणबाईंनी मान डोलावली. मग तो म्हणाला, "पण बाई, मी लिहून दिलं म्हणजे काम झालं असं समजू नका. साहेबासमोर तुम्हाला स्वतः यावं लागेल, आणि तुम्हाला ओळखणारी दोन माणसं लागतील. नुसतं नाव माहीत असलेली नाही, ओळखणारी."

एक मी, आणि दुसरा पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा माळी, असं ठरलं.

ठरल्या दिवसाच्या आधीच माळीणबाई विहिरीच्या काठावरून पडल्या. विहिरीत नाही, बाहेरच्या बाजूला, दगडावर. कंबरेचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधून दिलं, पण उठणं-बसणं संपलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो ओटा रिकामा दिसला आणि दुपारी शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेले. खोपीत बाजेवर त्या पडल्या होत्या. सून पायाशी बसली होती. मला पाहताच त्या म्हणाल्या, "माह्या कागदाचं कसं?"

आता पुढे मी जे केलं ते सांगायला आजही मला अवघड जातं. पण ते गाळलं तर या गोष्टीला अर्थ राहणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच रजिस्टारसाहेबांकडे गेले. सडपातळ माणूस, पन्नाशीचा, डोक्यावर काळी टोपी, सारखा खोकत असलेला. मी माझी ओळख सांगितली, बाईंची हकीकत सांगितली आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, "साहेब, मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. शाईची गादी माझ्याजवळ द्या. मी बाईंचा अंगठा घेऊन येते. मी स्वतः साक्षीला आहे, मग अडचण कसली?"

त्यांनी लिहिता लिहिता टाक खाली ठेवला.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो, असं पुन्हा कुणाला म्हणू नका."

"पण अंगठा तर तिचाच असेल ना!"

"असेल. पण ती हो म्हणाली की नाही ते अंगठ्यावरून कसं कळणार? झोपलेल्या माणसाचाही अंगठा उमटतो. मेलेल्याचासुद्धा उमटवून आणलेला मी पाहिला आहे."

माझे कान तापले. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "बाईंना खरंच येता येत नाही?"

"कूसही बदलता येत नाही."

"मग तसा अर्ज द्या. मी येतो. आजाऱ्याच्या घरी जाऊन दस्त नोंदवायची सोय कायद्यात आहे. लोकांना ती माहीत नसते, आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही, एवढंच."

अर्ज मी तिथेच बसून लिहिला. माझ्या लिहिण्यात दोन चुका निघाल्या. त्या त्यांनी दाखवल्या आणि मी दुरुस्त केल्या.

दोन दिवसांनी, दुपार उतरणीला लागल्यावर ते आले. टांगा बांधापर्यंतच येऊ शकत होता. तिथून मेथीच्या वाफ्यांमधून ते चालत आले. धोतर सावरत, पाट ओलांडताना जोडे हातात घेत. मागे शिपायाच्या डोक्यावर लाकडी पेटी, तिच्यात नोंदवही, शाई, शिक्का. त्याच्यामागे अर्जनवीस. बातमी आधीच पसरली होती. खोपीसमोर दिराची दोन्ही मुलं उभी होती, अंगात स्वच्छ सदरे, चेहऱ्यावर आदब.

थोरला पुढे होऊन म्हणाला, "साहेब, काकीचं डोकं ठिकान्यावर नाई. तापात बरळून राह्यली दोन दिवसांपासून. तुमाले उगाच तरास दिला."

"आलोच आहे तर बघून जातो," साहेब म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना विहिरीच्या पलीकडे जायला सांगितलं. दोघे पुतणे गेले. सून आपल्याला सांगितलं नाही असं समजून तिथंच उभी होती. साहेब तिच्याकडे वळले. "तुम्हीसुद्धा, बाई."

"मी? पन त्यायले पानी द्यायचं असन तं..."

"पाणी मास्तरीणबाई देतील."

मला ते खटकलं. जिच्यासाठी सगळं चाललं होतं तिलाच बाहेर? पण साहेबांनी सून वाफ्यांपलीकडे जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. खोपीत आम्ही उरलो: बाजेवर माळीणबाई, ओळख पटवायला मी आणि तो म्हातारा माळी, लिहायला अर्जनवीस, दाराशी पेटी घेऊन शिपाई, आणि साहेब. त्यांना बसायला सुनेनं कांबळं अंथरून ठेवलं होतं. ते बाजेशेजारी जमिनीवरच बसले, म्हणजे त्यांचं तोंड माळीणबाईंच्या तोंडाजवळ येईल.

आधी त्यांनी आम्हाला विचारलं. तुम्ही यांना कधीपासून ओळखता? कशा? रोज पाहता? शेवटचं कधी पाहिलं? मी उत्तरं दिली. त्या दिवसापर्यंत आपण कुणालातरी ओळखतो म्हणजे काय, हा विचार मी केला नव्हता.

मग ते माळीणबाईंकडे वळले. कचेरीत शुद्ध बोलणारा तो माणूस वऱ्हाडीत बोलायला लागला.

"आजी, कोन गाव तुमचं माहेराचं?"

"बार्शीटाकळी."

"हा मळा कोनाचा?"

"माहा."

"किती हाये?"

"एक एकर. तुमाले पाह्यजे तं मोजा."

"चारी बाजूले काय काय हाये, सांगता का?"

माळीणबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, दुखतंय म्हणून. पण त्या मळा डोळ्यांपुढे आणत होत्या. उगवतीला अमक्याचं वावर, मावळतीला नदीची दरड, दक्षिणेला पांदण, वरच्या अंगाला पुतण्यांची काळी जमीन, मधे बांधावर तीन बोरी, त्यातली एक आपली आणि दोन त्यांच्या. साहेब दस्तावर बोट ठेवून एकेक हद्द ताडून पाहत होते. बोरींचा उल्लेख दस्तात नव्हता. ते हसले.

मग त्यांनी दस्त वाचला. तो नेहमीसारखाच होता, वाक्याला अंत नाही आणि दोन शब्दांआड एक फारसी. पण प्रत्येक ओळ वाचून झाली की ते थांबायचे आणि तीच ओळ वऱ्हाडीत सांगायचे. बक्षीस दिलं म्हणजे आजपासून तुमचं राह्यलं नाई. उद्या मन फिरलं तरी वापस भेटनार नाई. सुनेनं तुमाले बाहेर काढलं तरी तुमाले काई बोलता येनार नाई. समजलं?

"समजलं."

"काय समजलं ते सांगा. तुमच्या बोलीत."

"आता मी तिच्या मळ्यात निजली हाओ," माळीणबाई म्हणाल्या. "हेच ना?"

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कोनी जबरदस्ती करून राह्यलं काय तुमच्यावर? सून? मास्तरीणबाई?"

"माह्यावर?" त्याही स्थितीत तो आवाज खोपीबाहेर गेला. "माह्यावर कोनाची जबरदस्ती चालली असती तं मळा राह्यला असता काय?"

अर्जनवीसानं तोंडावर पंचा धरला. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक प्रश्न राखून ठेवला होता. तो विचारायची त्यांना कायद्यानं गरज नव्हती. अंगठा तुमचाच ना, एवढं विचारून शिक्का मारला असता तरी कुणी बोट ठेवलं नसतं.

"आजी, सून तरनी हाये. उद्या तिनं पाट लावला, दुसऱ्या घरी गेली, तं? मळा तिच्यासोबत जाईन. चालन तुमाले?"

बाहेर विहिरीपलीकडे पुतणे काहीतरी बोलत होते, शब्द कळत नव्हते. मला वाटलं, आता गाडं अडलं. पोटच्या मुलाची बायको दुसऱ्याच्या घरात, आणि तिच्याबरोबर आपली जमीन, हे कुठल्या सासूला रुचेल?

माळीणबाईंनी छपराकडे पाहिलं. "तिनं पाट लावावाच," त्या म्हणाल्या. "मी तिले दोनदा म्हटलं. मले सोडून जात नाई म्हनते. माहा पोरगा गेला तवा मी दोन महिने उठली नाई, साहेब. सारा मळा तिनं जगवला. तिले नवरा भेटो नाई तं न भेटो, मळा तिचा. हे लिवलं हाये काय त्याच्यात?"

"नाही."

"मंग लिवा."

साहेबांनी अर्जनवीसाकडे पाहिलं. त्यानं दौत उघडली आणि आपल्या सुरेख अक्षरात शेवटी ओळ घातली: सदर बाईनं पुनर्विवाह केला तरी या मिळकतीवरील तिचा हक्क अबाधित राहील. साहेबांनी ती पुन्हा वाचून दाखवली, पुन्हा वऱ्हाडीत सांगितली.

अंगठा काही केल्या उमटेना. पहिल्या वेळी नुसता काळा डाग पडला. आयुष्यभर निंदून, गवत उपटून, काट्याची वांगी तोडून त्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. दुसऱ्या वेळी अर्धा उमटला. शिपाई म्हणाला, साहेब, चालून जाते एवढं. साहेबांनी मला कोमट पाणी आणि गोडं तेल मागितलं. मी चुलीवरचं पाणी आणलं. त्यांनी माळीणबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठा धुतला, तेलाचं बोट फिरवून चोळला, पुसून कोरडा केला, आणि मग अगदी हलक्या हातानं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कागदावर फिरवला. रेषा आल्या. नोंदवहीतही तसाच घेतला. सरकारी माणसानं एका भाजीवालीचा हात असा धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग मी सही केली, म्हाताऱ्या माळ्यानं अंगठा दिला, आणि साहेब तिथेच मांडीवर फळी ठेवून दस्ताच्या पाठीमागे लिहू लागले. कितीतरी वेळ लिहीत होते. मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या आणि मी मनातून वैतागले होते. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. जाताना त्यांनी सुनेला हाक मारली आणि एवढंच म्हणाले, "पावती जपून ठेवा, दस्त नंतर घेऊन जा."

माळीणबाई त्यानंतर चार महिने जगल्या. शेवटपर्यंत सुनेनंच केलं.

पुढल्या वर्षी माझी बदली अमरावतीला झाली, आणि तिथे मला अकोल्याच्या कोर्टाचं समन्स आलं. पुतण्यांनी दावा लावला होता. काकीला शुद्ध नव्हती, अंगठा तिचा नाही, असला तरी तिच्या नकळत घेतलेला आहे. मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मुलींना पाढे म्हणायला लावणं वेगळं आणि पिंजऱ्यात उभं राहणं वेगळं.

पुतण्यांचा वकील हुशार होता. त्यानं बाईंचं पडणं, ताप, हाडवैद्याचं औषध सगळं काढलं आणि शेवटी त्या एका ओळीवर आला. "सूनबाईनं दुसरा नवरा केला तरी जमीन तिचीच, असं शुद्धीवर असलेली सासू लिहून देईल? बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा."

मी काही बोलायच्या आत न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांच्यापुढे मूळ दस्त होता. तो उलटून त्यांनी पाठीमागचा शेरा मोठ्यानं वाचला. त्या दुपारी साहेब एवढा वेळ जे लिहीत होते ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. लिहून देणारी बाई बाजेवर आहे, पण शुद्धीवर आहे. चारी हद्दी तिनं विचारताच, दस्त न पाहता सांगितल्या. बांधावरच्या तीन बोरी सांगितल्या, ज्या दस्तात नाहीत. घेणारीला व नातेवाइकांना दूर ठेवून विचारलं. पुनर्विवाहाचा प्रश्न मी केला, त्यावरून बाईनं स्वतः ओळ घालायला लावली. कारण म्हणून, मुलाच्या मृत्यूनंतर मळा सुनेनं राखला, असं म्हणाली.

वकील खाली बसला. अंगठा आधीच्या खरेदीच्या नोंदवहीतल्या अंगठ्याशी ताडून पाहण्यात आला. तो जुळला, कारण रेषा होत्या. मी कचेरीतून शाईची गादी नेऊन जो डाग आणला असता तो जुळला नसता, आणि जुळला असता तरी त्याची साक्ष द्यायला कोण होतं? मी आणि सून. मी तिथेच उभी होते, आणि मला घाम फुटला तो वकिलाच्या प्रश्नांनी नाही.

दावा फेटाळला गेला. पुतणे वाईट नव्हते, लोभी होते. निकालानंतर धाकटा सुनेकडे येऊन बोलून गेला, आणि तिनं विहिरीचं पाणी त्यांच्या वावराला बंद केलं नाही. दोन वर्षांनी तिनं पाट लावला. नवरा तिच्याच मळ्यात राहायला आला. मला बोलावणं आलं होतं. मी गेले. तिनं मला खोपीच्या जागी बांधलेली दोन खणांची खोली दाखवली आणि वांग्यांनी माझी पिशवी भरली.

रजिस्टारसाहेब मला पुन्हा भेटले ते अमरावतीत, बऱ्याच वर्षांनी. पेन्शनीत गेले होते, खोकला तसाच होता. तिवश्याला लेकीकडे जायला मोटारीची वाट पाहत उभे होते, हातात संत्र्यांची करंडी. मी वाकून नमस्कार केला आणि सगळी हकीकत सांगितली: दावा, शेरा, निकाल, पाट. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना काहीच आठवत नाही. मी माळीणबाईंचा आवाज सांगितला, मोर्णेचा काठ सांगितला, मळ्यातली वांगी सांगितली, अंगठा चोळल्याचं सांगितलं.

"असेल, असेल," ते संकोचून म्हणाले. "अंगठे तर पुष्कळांचे चोळावे लागायचे. कास्तकारांची बोटंच तशी."

"तुम्ही एवढं लिहिलं नसतं तर ती बाई रस्त्यावर आली असती, साहेब."

मोटार आली. मी करंडी वर चढवून दिली. आत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला एक संत्रं दिलं आणि विचारलं, "मळ्यात अजून वांगीच लावते का ती?"

"वांगी आणि शेवंती," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, आणि मोटार नागपूरच्या रस्त्याला लागली.